चौथ्या प्रतीची किंमत

जुलैमधल्या एका रविवारी दुपारी कोथरूडच्या एका बोर्डगेम कॅफेत मी शेजारच्या बारावीतल्या मुलाबरोबर बसलो होतो. बाहेर पाऊस होता. टेबलावर रबरी मॅट पसरलेली होती आणि मॅटवर, पारदर्शक स्लीव्हमध्ये घातलेले त्याचे ट्रेडिंग कार्डांच्या खेळाचे साठ पत्ते, बहुतेक चारचारच्या ढिगांत मांडलेले होते. एक ढीग मात्र तिघांचाच होता, आणि पंगतीत न आलेल्या पाहुण्यासाठी पान मांडून ठेवावे तशी त्या ढिगाशेजारी त्याने एक रिकामी स्लीव्ह ठेवली होती. साठावी जागा तूर्त दुसऱ्याच एका पत्त्याने भरून काढली होती. "काका, हा चौथा मिळाला की डेक पूर्ण," तो म्हणाला आणि त्याने फोनवरचा एक तक्ता माझ्यापुढे धरला. त्या पत्त्याच्या चार प्रती ठेवणाऱ्या डेकचा जिंकण्याचा दर तीन प्रती ठेवणाऱ्यांपेक्षा चार-पाच टक्क्यांनी जास्त होता. तेवढ्यासाठी आपल्या जुन्या अल्बममधले निम्मे पत्ते विकायची त्याची तयारी होती. तीन प्रतींच्या रांगेपुढे बारीक अक्षरांत सामन्यांची संख्या छापलेली होती. ती साठच्या आसपास होती.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की प्रतींची संख्या ठरवण्यासाठी असे तक्ते जवळजवळ निरुपयोगी आहेत, अकरावीच्या गणितातली संभाव्यता मात्र पुरेशी उपयोगी आहे, आणि हे दोन्ही नीट कळले तर पुण्यातल्या स्थानिक स्पर्धांचे काही नियम बदलायला हवेत हे आपोआप दिसू लागते.

ज्यांना या खेळांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपण मेंढीकोट खेळतो तेव्हा एकच कॅट असतो आणि त्यात बदामाचा राजा एकच असतो. रमीला दोन कॅट एकत्र केले की प्रत्येक पत्त्याच्या दोन प्रती होतात, आणि हवा तो पत्ता येण्याची आशा त्या प्रमाणात वाढते. ट्रेडिंग कार्डांच्या खेळांत हा कॅट, म्हणजेच डेक, प्रत्येक खेळाडू घरून स्वतः बांधून आणतो, आणि कोणत्या पत्त्याच्या किती प्रती ठेवायच्या हेही तोच ठरवतो. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग'चे निर्माते रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक, आणि त्यांची डॉक्टरेट संयोजनशास्त्रातली. तरीही सुरुवातीला त्या खेळात प्रतींवर मर्यादाच नव्हती. एकाच जबर पत्त्याच्या हव्या तितक्या प्रती भरून लोक डेक बांधू लागले, तेव्हा कुठे १९९४ मध्ये स्पर्धांसाठी चार प्रतींची मर्यादा आली. आज मॅजिकच्या नेहमीच्या स्पर्धांत किमान साठ पत्ते आणि एका नावाच्या जास्तीत जास्त चार प्रती चालतात, आणि मूलभूत जमिनींचे पत्ते, ज्यांतून बाकीचे पत्ते खेळायची ताकद म्हणजे 'माना' मिळतो, त्याला अपवाद असतात. पोकेमॉनमध्ये बरोबर साठ पत्ते आणि चार प्रती, आणि मूलभूत ऊर्जेला मर्यादा नाही. यु-गि-ओमध्ये मुख्य डेक चाळीस ते साठ पत्त्यांचा आणि प्रती तीन. हर्थस्टोनमध्ये तीस पत्ते, दोन प्रती, आणि 'लेजंडरी' या सर्वांत दुर्मिळ दर्जाचा पत्ता एकच.

रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला, तेव्हा कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवणे आणि कोणता धरायचा, कोणता टाकायचा हे ठरवणे याला कसब लागते, हा त्यामागचा आधार होता. या नव्या खेळांत ते कसब पत्ते पिसण्याच्याही आधी, घरच्या टेबलावर सुरू होते.

आता हिशोब. साठ पत्त्यांच्या डेकमधून सुरुवातीला सात पत्ते हातात येतात. एखाद्या पत्त्याची एकच प्रत असेल तर ती त्या सातांत असण्याची शक्यता ११.७ टक्के. दोन प्रती असतील तर निदान एक हातात असण्याची शक्यता २२.१ टक्के, तीन असतील तर ३१.५, आणि चार असतील तर ४०. म्हणजे पहिल्या प्रतीने ११.७ टक्क्यांची भर घातली, दुसरीने साडेदहाची, तिसरीने ९.४ची आणि चौथीने फक्त ८.४ची. बारावीच्या अर्थशास्त्रात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवतात, आणि त्यात एकामागून एक आंबा खाणारा माणूस हमखास असतो. इथे तोच सिद्धांत नुसत्या मोजणीतून बाहेर पडतो. फरक इतकाच की बाजारात चौथा आंबा पहिल्याच्या भावानेच मिळतो, आणि मागणी सगळ्यांची चार-चारची असली की तो भावही वर चढतो.

याची दुसरी बाजू तक्ते पाहणारे क्वचितच पाहतात. प्रती वाढवल्या की एकच पत्ता हातात दोनदा येण्याची शक्यताही वाढते. तीन प्रती असताना पहिल्या सातांत दोन किंवा अधिक येण्याची शक्यता ३.४ टक्के असते आणि चार प्रतींना ती ६.३ टक्के होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ही दुसरी प्रत हवीशी की नकोशी, हे मात्र पत्त्यावर अवलंबून आहे. मॅजिकमधला 'लाइटनिंग बोल्ट' एका लाल मानाला तीन नुकसान करतो आणि प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य वीस असते. असे पत्ते हातात दोन आले काय, तीन आले काय, वेगाने हल्ला करणाऱ्या खेळाडूला ते हवेच असतात. तिथे चारांपेक्षा कमी ठेवण्याचे काही कारण नाही. उलट त्याच खेळात 'लेजंडरी' पत्त्यांचा नियम असा की एकाच नावाचे दोन पत्ते एकाच खेळाडूच्या ताब्यात मैदानावर आले तर त्यातला एक काढून टाकावा लागतो. पहिला मैदानावर टिकून असेपर्यंत दुसरा हातात नुसता पडून राहतो. अशा पत्त्याच्या तीन किंवा दोनच प्रती ठेवणारा खेळाडू कंजूष ठरत नाही, त्याने हिशोब केलेला असतो.

पोकेमॉनमध्ये गोष्ट आणखी निराळी आहे, आणि मला वाटते की हा सगळा विषय समजावून घ्यायला त्याइतके चांगले उदाहरण नाही. तिथे डेकमधून हवा तो पत्ता शोधून आणणारे पत्ते भरपूर असतात. 'अल्ट्रा बॉल' हातातले दोन पत्ते टाकायला लावतो आणि कोणताही एक पोकेमॉन शोधून देतो. 'नेस्ट बॉल' मूलभूत पोकेमॉन थेट बाकावर, म्हणजे मैदानातल्या राखीव जागेत, आणून ठेवतो. म्हणजे ज्या पोकेमॉनची डेकमध्ये एकच प्रत आहे, त्याच्या प्रत्यक्षात आठ-नऊ प्रती असल्यासारखे काम होते, कारण शोधणारा प्रत्येक पत्ता हा त्याचा प्रतिनिधीच असतो. मग दुसरी प्रत ठेवायचीच कशाला? कारण खेळ सुरू होताना डेकमधले सहा पत्ते 'प्राइझ' म्हणून पालथे बाजूला ठेवले जातात, आणि साठांतली एकमेव प्रत त्या सहांत अडकण्याची शक्यता बरोबर दहा टक्के असते. दर दहा डावांत सरासरी एकदा तुमचा तो पत्ता सुरुवातीला डेकमध्ये नसतोच, आणि तुम्ही अल्ट्रा बॉल खेळून डेक उलगडता तेव्हा हे कळते. दोन प्रती ठेवल्या तर दोन्ही एकदम अडकण्याची शक्यता ०.८५ टक्क्यांवर येते. इथली दुसरी प्रत पत्ता लवकर सापडावा म्हणून नाही, ती विमा म्हणून आहे. तिसरीचा या कामी काही उपयोग नाही. हे सगळे साध्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत निघते. जिंकण्याच्या दराच्या तक्त्यातून ते कधीच निघणार नाही, कारण तक्ता फक्त 'दोन प्रती: इतके टक्के' एवढेच सांगतो. त्या दोन प्रती कशासाठी होत्या हे सांगत नाही.

आता प्रतींच्या संख्येचा जिंकण्यावर प्रत्यक्ष किती परिणाम होतो ते पाहू. समजा एखादा पत्ता वेळेवर हातात आला तर जिंकण्याची शक्यता दहा टक्क्यांनी वाढते. दहा टक्के हा चांगलाच मोठा आकडा धरला आहे. डावातले पहिले दहा पत्ते पाहिले जाईपर्यंत, चार प्रती असतील तर त्यातली एक तरी दिसण्याची शक्यता ५२.८ टक्के आणि तीन असतील तर ४२.७ टक्के. फरक दहा टक्क्यांचा. त्या दहा टक्के डावांत दहा टक्क्यांचा फायदा, म्हणजे एकूण जिंकण्याच्या दरात फरक एक टक्का. शंभर डावांत एक डाव. शिवाय साठाच्या डेकमध्ये एक पत्ता आत आला की दुसरा बाहेर जातो, आणि बाहेर गेलेला पत्ताही काहीतरी कमावून देतच होता. ते वजा केले की हा एक टक्काही शिल्लक राहत नाही. कधी अर्धा उरतो, कधी उलट चिन्ह येते.

त्या मुलाच्या तक्त्यात चार-पाच टक्क्यांचा फरक होता. तो खरा असता तर तो पत्ता हातात येणे जिंकण्याच्या शक्यतेत चाळीस-पन्नास टक्क्यांची उडी घडवते असे मानावे लागले असते. एवढा जबर पत्ता स्पर्धांच्या नियामकांनी फार काळ चालू दिला नसता.

मग तो फरक आला कुठून? पहिले कारण निव्वळ योगायोग. अगदी समतोल, म्हणजे पन्नास टक्के जिंकणारा डेक साठ सामने खेळला तर तो २२ ते ३८ सामन्यांच्या दरम्यान कुठेही जिंकू शकतो, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काहीही नसते. टक्क्यांत सांगायचे तर ३७ ते ६३. एवढ्या रुंद पट्ट्यात चार-पाच टक्के म्हणजे समुद्रातली लाट. दहा सामन्यांत सात जिंकून "नवा डेक लागू पडला" म्हणणारे मला दर आठवड्याला भेटतात. नाणे दहा वेळा उडवले तरी सात किंवा अधिक छाप येण्याची शक्यता सतरा टक्के असते. एक टक्क्याचा खरा फरक योगायोगातून वेगळा काढायचा असेल, तर तीन प्रतींच्या आणि चार प्रतींच्या डेकचे प्रत्येकी वीस हजार निकाल लागतात, आणि तेही फरक जेमतेम डोळ्यांना दिसावा म्हणून. सोळा खेळाडूंची, चार फेऱ्यांची रविवारची स्पर्धा घ्या. त्यात बत्तीस सामने होतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे डेक धरून चौसष्ट निकाल मिळतात. प्रत्येकाने तोच डेक आणला, निम्म्यांनी तीन आणि निम्म्यांनी चार प्रती ठेवल्या असे गृहीत धरले, तरी चाळीस हजार निकाल जमायला सव्वासहाशे रविवार लागतील. म्हणजे बारा वर्षे. दरम्यान नवे संच निघत राहतील आणि तो पत्ता कधीच अल्बमच्या मागच्या पानावर गेलेला असेल.

यावर कोणी म्हणेल की रविवारच्या स्पर्धा कशाला मोजता, मॅजिक अरीना या मॅजिकच्या ऑनलाइन आवृत्तीसारख्या ठिकाणी लाखो डाव खेळले जातात, त्यांची आकडेवारी घ्या. योगायोगाचा प्रश्न तिथे खरोखरच सुटतो. दुसरा, माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि तो म्हणजे तीन प्रती ठेवणारे लोक कोण आहेत. एखाद्या पत्त्याच्या चार प्रती ठेवणे हा एकदा रिवाज झाला की चारांच्या रांगेत त्या डेकचा सर्वसाधारण खेळाडू असतो. तीनच्या रांगेत दोन अगदी वेगळे गट असतात. एक गट नवशिक्यांचा, ज्यांना चौथी प्रत मिळाली नाही किंवा परवडली नाही. त्यांच्या डेकमध्ये आणखी दहा उणिवा असतात, जमिनींचे पत्ते जेमतेम असतात, आणि सरावही कमी असतो. दुसरा गट जाणत्यांचा, ज्यांनी विचारपूर्वक एक प्रत कमी करून त्या जागी काहीतरी नेमके ठेवले आहे. नवशिके जास्त असतील तर तीनची रांग हरते आणि जाणते जास्त असतील तर जिंकते. दोन्ही वेळा तो आकडा पत्त्याबद्दल बोलत नसतो, पत्ता धरणाऱ्या हाताबद्दल बोलत असतो. लाखो डाव गोळा केल्याने हा घोळ मिटत नाही, उलट तो अधिक अचूकपणे मोजला जातो.

त्यात स्पर्धांनंतर बहुतेक वेळा वरच्या आठ खेळाडूंच्याच याद्या प्रसिद्ध होतात. त्या आठांपैकी सात जणांनी चार प्रती ठेवल्या होत्या, हे वाचून चार प्रतींमुळे ते वर आले असे मानणे सोपे असते. पण खाली राहिलेल्यांपैकी किती जणांनी चार ठेवल्या होत्या हे माहीत नसेल, तर त्या सातांना काही अर्थ नाही. बोर्डात आलेल्या सगळ्या मुलांनी एकाच क्लासचे नाव घेतल्याच्या जाहिराती पुण्यात दर जूनमध्ये लागतात. त्यांच्याकडे आपण जितक्या संशयाने पाहतो, निदान तितक्याच संशयाने या याद्यांकडे पाहायला हवे.

विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते. सगळे पत्ते एकटे काम करत नाहीत. दोन ठरावीक पत्ते एकत्र आले तरच चालणारा डेक घ्या. दोघांच्याही चार-चार प्रती असतील तर पहिल्या दहा पत्त्यांत दोन्ही दिसण्याची शक्यता २६.५ टक्के असते. एकाच्या तीन केल्या तर ती २१.४वर येते आणि दोघांच्याही तीन-तीन केल्या तर १७.२वर. एकेक प्रत काढल्याने मूळ शक्यतेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग जातो, कारण इथे दोन्ही पत्ते एकदम हवे असतात आणि एकाची तूट दुसऱ्यालाही भोवते. अशा डेकमध्ये चौथ्या प्रतीबाबत हात आखडणे म्हणजे डेकच न बांधणे. मोठ्या स्पर्धेत पंधरा फेऱ्या खेळणाऱ्या व्यावसायिकालाही एक टक्का सोडून देणे परवडत नाही, कारण त्याचे उत्पन्न अशाच एकेक टक्क्यांच्या बेरजेवर उभे असते. माझा वाद त्याच्याशी नाही. तोही आपला एक टक्का बहुधा गणितातून काढत असतो. डच खेळाडू फ्रँक कार्स्टेन यांनी कोणत्या रंगाच्या पत्त्यासाठी त्या रंगाच्या जमिनी किती हव्यात याचे जे हिशोब मांडले, ते मुख्यतः संभाव्यतेवर उभे आहेत, कोणत्या यादीला कोणते बक्षीस मिळाले यावर नाहीत.

खेळ चालवणाऱ्या कंपन्यांना हे गणित चांगलेच ठाऊक आहे, हे त्यांच्या निर्बंधांवरून दिसते. यु-गि-ओमध्ये निर्बंधांच्या यादीतल्या पत्त्यांना दोन, एक किंवा शून्य प्रतींची मुभा असते. चाळीस पत्त्यांतून पाच हातात घेणाऱ्या त्या खेळात तीन प्रतींना मिळणारी ३३.८ टक्क्यांची शक्यता एका प्रतीला १२.५ टक्क्यांवर येते. पत्त्यावर छापलेला मजकूर तोच राहतो, फक्त तो कितीदा दिसावा हे बदलते. मॅजिकच्या व्हिंटेज प्रकारात 'ब्लॅक लोटस' या जबर पत्त्याची एकच प्रत चालते, तीही याच कारणाने. प्रतींची संख्या हा तोल सांभाळण्याचा खटका आहे हे नियम करणारे जाणतात. खेळणारी मुले मात्र तिला प्रतिष्ठेची खूण समजतात, आणि तीन प्रतींचा डेक आणणाऱ्याला टेबलापलीकडून "अजून बजेट डेकच का?" असे विचारले जाते. हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. विचारणारा मुलगा नववीतला असावा.

म्हणून स्थानिक आयोजकांपुढे दोन गोष्टी ठेवतो. स्पर्धेचे निकाल जाहीर करायचेच असतील तर सगळ्या याद्या जाहीर कराव्यात, हरलेल्यांच्याही, आणि प्रत्येक टक्क्याशेजारी सामन्यांची संख्या टक्क्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावी. शंभराहून कमी सामने असतील तर टक्का छापूच नये, 'साठांपैकी एकतीस' असे लिहावे. 'साठांपैकी एकतीस' वाचून कोणी अल्बम विकायला काढत नाही.

दुसरी गोष्ट छापील नकलांची, ज्यांना खेळाडू प्रॉक्सी म्हणतात. कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत त्या चालत नाहीत आणि तो नियम पाळलाच पाहिजे. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २०१६ मध्ये स्पष्ट केले होते की स्वतःच्या सरावासाठी, व्यापारी हेतू नसताना वापरलेल्या अशा चाचणीच्या पत्त्यांवर पहारा ठेवण्यात त्यांना रस नाही. तेव्हा अनधिकृत, मैत्रीपूर्ण रविवारी आयोजकांनी असा नियम करावा की ज्या पत्त्याची एक मूळ प्रत खेळाडूकडे आहे, त्याच्या उरलेल्या तीन प्रती कागदावर छापून स्लीव्हमध्ये घातल्या तरी चालतील. पहिली प्रत विकत घ्यावी, तिच्याने ११.७ टक्के मिळतात. चौथीच्या ८.४ टक्क्यांसाठी कोणाला आपला संग्रह मोडावा लागू नये. एका रंगीत झेरॉक्सने चौथ्या प्रतीचा अनुभव घेता येतो, आणि तो घेतल्यावर ती नको असेही बऱ्याचदा ठरते.

कॅफेच्या मालकांशी हे बोललो तेव्हा त्यांचा आक्षेप रास्त होता. टेबलाच्या भाड्यावर जागेचे भाडे निघत नाही, सुटे पत्ते विकूनच निघते, आणि सगळ्यात जास्त खपतात त्या तिसऱ्या-चौथ्या प्रतीच. महिन्यातल्या चारांपैकी एका रविवारी नकला चालू द्यायला ते तयार झाले, आणि त्या दिवशी प्रवेशशुल्क थोडे जास्त ठेवायचे ठरले. शेजारच्या मुलाने त्या रविवारी चौथी प्रत छापून आणली होती. चार सामन्यांत ती त्याच्या हातात दोनदा आली. त्यातल्या एका डावात तिसरी प्रत आधीच मैदानावर होती, आणि तो डाव संपेपर्यंत चौथी त्याच्या हातात तशीच राहिली.